पहिली खेप

आमच्या घरी दुपारचा चहा वडिलांच्या काळापासून चार वाजता होत आला आहे. गेल्या वर्षापासून तो साडेचारला होऊ लागला, आणि या क्रांतीचे कारण आम्हां वडीलधाऱ्या मंडळींस कित्येक दिवस उमगले नव्हते. चौकशीअंती असे कळले की, आमचे थोरले बंधू दादा यांचा नातू संगणकावर जो खेळ खेळतो, तो खेळ दररोज आपल्याकडील साडेचार वाजता देखरेखीच्या कामासाठी काही मिनिटे बंद ठेवतात. तेवढ्या अवधीतच चिरंजीव माडीवरून खाली उतरतात. म्हणून मोठ्या वहिनींनी कोणासही न विचारता चहाची वेळ पुढे ढकलली. ज्या घरात आमच्या वडिलांची शिस्त पाहून स्टेशनमास्तरांनी घड्याळ लावावे, त्या घरातील आधण हल्ली आइसलंडमधील एका कंपनीच्या सोयीने चढते!

त्या खेळाचे नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलंडच्या सीसीपी नामक कंपनीने तो २००३ सालच्या मे महिन्यात सुरू केला. हजारो तारकामंडळे, त्यांस जोडणाऱ्या वेशी, आणि त्या वेशींतून ये-जा करणारी सहस्रावधी याने. प्रत्येक यान जगाच्या कोठल्या तरी कोपऱ्यात बसलेला जिवंत मनुष्य हाकत असतो. पुष्कळजण तेथे लढाया करतात. आमचा नातू मात्र मालवाहतूक आणि व्यापार करतो. प्रथम हे ऐकून आम्हांस हसू आले. कल्याणच्या कॉलेजात वाणिज्य शाखेत शिकणारा, सकाळच्या लोकलने जाऊन दुपारी परतणारा मुलगा. त्याने घरी येऊन पुन्हा कल्पनेतील हमाली करावी, यात कोणता पुरुषार्थ, असे आम्ही म्हणालो. परंतु एके दिवशी चष्मा पुसून त्याच्या पाठीमागे उभे राहिलो आणि तासभर हललो नाही. खरेदीचा भाव, विक्रीचा भाव, दलाली, अंतर, वाटेतील धोका, परतीचा माल: हा तर आमचाच धंदा! ज्यांचे बालपण कसाऱ्यास, जुन्या आग्रा रस्त्याच्या कडेला, घाट चढणारे ट्रक मोजण्यात गेले, त्यांस हे शास्त्र निराळे शिकावे लागत नाही.

आपल्यापैकी अनेक घरांतील मुले असले खेळ खेळत असतील. त्यांच्या आईबापांस काय चालले आहे हे समजावे, आणि मुलांसही एखादी गोष्ट उपयोगी पडावी, म्हणून आम्ही त्या मुलाकडून जे शिकलो व त्यास जे शिकवू शकलो, ते येथे लिहीत आहो.

नवशिक्याची पहिली चूक भावाच्या बाबतीत होते. जिटा नावाचे एक तारकामंडळ आहे. तेथील एका स्थानकाभोवती त्या सृष्टीचा सर्वांत मोठा बाजार भरतो. एखादी वस्तू जिटास शंभराला मिळते आणि दूरच्या एका ओसाड स्थानकावर तिच्यापुढे दोनशे लिहिलेले दिसतात. नवखा मनुष्य आनंदाने यान भरतो, तेथे जातो आणि बसून राहतो. कारण त्या स्थानकावर ती वस्तू महिनाभरात कोणी घेतलेलीच नसते. लिहिलेला भाव म्हणजे विक्रेत्याची इच्छा. झालेली विक्री म्हणजे बाजार. खेळात प्रत्येक वस्तूच्या मागील विक्रीचा आलेख पाहावयास मिळतो. रोज किती नग खपले हे त्यात आधी पाहावे आणि भाव मागून पाहावा, असे आम्ही नातवास सांगितले. त्यावर तो म्हणाला, "काकाआजोबा, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तुम्हांला पहिल्याच दिवशी कसं कळलं?" लासलगावच्या लिलावात उभे राहिलेल्या माणसास हे कळते, एवढेच उत्तर आम्ही दिले. अधिक सांगण्याची तेव्हा इच्छा नव्हती.

दुसरे, खर्च. तेथेही विक्रीकर आहे, दलाली आहे. खरेदीची मागणी नोंदवून वाट पाहिली तर माल स्वस्त पडतो, पण नोंदणीची दलाली बसते. घाईने समोरचा माल उचलला तर महाग पडतो. काही विद्या हस्तगत केल्या की कर आणि दलाली कमी होतात, म्हणून व्यापारी होऊ पाहणाऱ्याने त्या लवकर शिकाव्यात. जकात चुकविणारा व्यापारी पृथ्वीवर नाही तसा आकाशातही नाही. आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट ज्यांनी पाहिला असेल, त्यांस घाटमाथ्यावरील दगडी रांजण आठवेल. वर येणाऱ्या तांड्यांनी जकातीची नाणी त्यात टाकावीत असा तो होता, असे परंपरेने सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. म्हणजे कोकणातून देशावर माल नेणाऱ्याने नफ्याचा हिशेब मांडताना रांजण आधी वजा करावा, हा नियम बराच जुना आहे.

तिसरी गोष्ट परतीच्या मालाची. ही आम्हांस सर्वांत प्रिय, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आगगाडी येण्यापूर्वी या घाटांतून वंजारी व लमाण यांचे बैलांचे तांडे चालत. मीठ वर जाई, धान्य खाली येई. रिकाम्या पाठीने घाट उतरणारा बैल म्हणजे निम्मा तोटा, हे त्या निरक्षर म्हटल्या गेलेल्या लोकांस पुरतेपणी ठाऊक होते. पुढे १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटातून इगतपुरीपर्यंत आगगाडी सुरू झाली, आणि तांड्यांचा काळ संपत आला. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ. आजही कसाऱ्यास चढत्या गाड्यांच्या मागे ढकलणारी इंजिने जोडतात. त्यांस सर्वजण 'बँकर' म्हणतात. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचा घुमारा ऐकू येतो आणि वाटते, मालाचा भाव कोठेही ठरो, हा चढ चढविण्याचे मोल त्यात कोणी तरी दिलेलेच असते. नातू प्रारंभी जिटाहून माल नेई आणि रिकामा परत येई. आम्ही विचारले, येताना काय आणतोस? तो म्हणाला, काही नाही. तेव्हा प्रत्येक स्थानकावर जिटाकडे जाणारे काय स्वस्त मिळते याची एक वही आम्ही त्यास घालून दिली. संगणकासमोर बसून तो शाईने वहीत लिहितो, हे पाहून दादांस फार समाधान वाटते.

आता धोक्याकडे वळतो. कारण खरी गोष्ट तेथेच आहे.

त्या सृष्टीत प्रत्येक मंडळास सुरक्षिततेचा आकडा असतो. एक म्हणजे पूर्ण सुरक्षित, शून्य म्हणजे जंगलचा कायदा. अर्धा किंवा त्याहून अधिक असेल तर तेथे पोलिसांचा अंमल चालतो. नवशिका समजतो की पोलीस आहेत, म्हणजे आपला माल सुखरूप आहे. तसे नाही. ते पोलीस हल्लेखोरास शिक्षा खात्रीने करतात. परंतु हल्ला झाल्यावर काही क्षणांनी. तेवढ्यात स्वस्तातील पाचदहा याने एकवटून एका मालवाहू यानाचा चुराडा करू शकतात. त्यांची स्वतःची याने जातात, पण त्याचा हिशेब त्यांनी आधीच केलेला असतो. ते वेशीवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पोटात काय आहे हे यंत्राने तपासतात. यान फुटले की साधारण निम्मा माल नष्ट होतो आणि निम्मा तरंगत राहतो. तो निम्मा माल गमावलेल्या यानांपेक्षा मोलाचा असेल, तरच ते हल्ला करतात. म्हणून शहाण्याने एका खेपेस इतकाच माल भरावा की लुटारूस लुटणे परवडू नये. राहिलेल्या मालासाठी दुसरी खेप करावी. विमा यानाचा मिळतो, आतील मालाचा नाही, हेही ध्यानात असावे.

आणखी दोन बारकावे. यानाची मालाची जागा वाढविण्याचे पत्रे मिळतात; ते बसविले की अंगाचा कणखरपणा उणा होतो. ट्रकच्या फळ्या उंच करून दीडपट माल रचणारे चालक आम्ही घाटात पाहिले आहेत, आणि त्यांपैकी काहींचे ट्रक दरीतही पाहिले आहेत. दुसरे असे की, यान आपोआप चालविण्याची सोय आहे. मनुष्य उठून गेला तरी ते मार्ग आक्रमीत राहते. पण आपोआप चालणारे यान प्रत्येक वेशीच्या काही अंतर अलीकडेच थांबते आणि उरलेली वाट रखडत काटते. हाताने चालविणारा थेट वेशीशी उतरतो. त्या रखडण्यातच पारध्यास वेळ मिळतो. मोलाचा माल असताना जागेवरून उठू नये, हा तेथील जुन्या खेळाडूंचा दंडक आहे.

हा दंडक आमच्या नातवास ठाऊक होता. तरी तो उठला.

त्याचे असे झाले. तेथे वाहतुकीचे करार मिळतात. एकाने गाठोडे द्यावे, दुसऱ्याने अमुक दिवसांत पोहोचवावे आणि भाडे घ्यावे. मात्र वाहणाऱ्याने मालाच्या किमतीची अनामत आधी मालकाकडे अडकवावी लागते. माल पोहोचला की ती सुटते, न पोहोचला तर मालकाची होते. यातही फसवणुकी आहेत. काही गाठोडी अशा ठिकाणी न्यावयाची असतात की जेथे आपणांस उतरण्याची परवानगीच नसते. काहींची अनामत मालापेक्षा कितीतरी अधिक असते आणि मालकाचेच सोबती वाटेत टपलेले असतात. नवशिक्याने भाडे पाहून करार घेऊ नये. अनामत पाहावी आणि स्वतःस विचारावे, ही सगळी उद्या सकाळी गेली तर मी काय करीन?

नातवाजवळ तेथील चलनाचे तीस कोटी इस्क होते. एका कराराची अनामत होती सत्तर कोटी, आणि भाडे दीड कोटी. उरलेले चाळीस कोटी त्याने नाशिकच्या एका मित्राकडून उसने घेतले. तो मित्र शाळेपासूनचा; त्याने ते दोन वर्षे खपून जमविले होते. जिटाहून दोडिक्सी नावाच्या बाजारास जावयाचे होते, आणि वाटेत उएदामा हे मंडळ लागते. आमच्याकडे ट्रकचालकांत जसे काही वळणांचे नाव घेताना आवाज उतरतो, तशी त्याची त्या सृष्टीत ख्याती आहे. निम्मी वाट हाताने चालवून झाली होती, इतक्यात खालून वहिनींनी हाक मारली, "ताट वाढलंय, निवतंय सगळं." आमच्या घरी वाढलेल्या ताटास ताटकळत ठेवण्याची रीत नाही. मुलाने यान आपोआप चालण्यास सोडले आणि तो जेवावयास आला. मुगाची खिचडी व पापड होते. तो हसतखेळत जेवला. वर गेला तेव्हा यान नव्हते.

दोन दिवस तो कोणाशी नीट बोलला नाही. वहिनींस वाटले ताप आहे. साडेचारच्या चहासही तो आला नाही, तेव्हा आम्ही माडीवर गेलो. सर्व ऐकून घेतल्यावर आम्ही विचारले, "मित्राला कळवलंस?" तो म्हणाला, "सांगितलं की करार पुढं ढकललाय, अजून पोचायचंय." आणि थोड्या वेळाने, "खेळातलेच तर पैसे आहेत, काकाआजोबा."

खेळातील पैशांविषयी आमचे मत सांगतो. सीसीपीने २००७ साली एयोल्फुर गुडमुंडसन नामक अर्थशास्त्रज्ञास केवळ त्या सृष्टीच्या अर्थकारणावर नजर ठेवण्यासाठी नेमले होते. पुढे ते आइसलंडमधील एका विद्यापीठाचे प्रमुख झाले. २०१४ सालच्या जानेवारीत तेथे एक लढाई झाली, तिच्यात नष्ट झालेल्या यानांचे मोल खऱ्या चलनात तीन लाख डॉलरांच्या घरात धरले गेले. परंतु हे दाखले बाजूस ठेवू. मित्राची दोन वर्षे तर खेळातील नव्हती. ती त्याची खरीच वर्षे होती.

हे आम्ही मुलास म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. कारण 'माल अजून वाटेत आहे' हे वाक्य आम्ही ओळखले. ते आमचेच होते.

चाळीसएक वर्षांपूर्वी, शिक्षण संपवून आम्ही घरी बसलो होतो. दादा शाळेत शिक्षक होते. पगारातून साठविलेले सहा हजार रुपये त्यांनी आमच्या हाती ठेवले आणि म्हणाले, काही तरी सुरू कर. आम्ही लासलगावास जाऊन चाळीत साठविलेला उन्हाळ कांदा शंभर गोणी घेतला. कल्याणच्या बाजारात भाव चढले होते. ट्रक निम्मा रिकामा राहत होता. भाडे तर तेवढेच. मग आणखी साठ गोणी उधारीने घेतल्या. जुलै महिना होता. इगतपुरीस पोहोचलो तो घाटात दरड आली. दोन रात्री आणि एक दिवस ट्रक उभा. ताडपत्रीच्या आत पाणी शिरले, कांदा तापू लागला, वास सुटला. कल्याणास पोहोचेपर्यंत मागे अडकलेले सर्व ट्रक एकदमच उतरले आणि भाव कोसळला. चाळीस गोणी विकल्या गेल्या. बाकीच्या उकिरड्यावर टाकण्याची हमाली वेगळी द्यावी लागली.

घरी येऊन आम्ही दादांस सांगितले की, थोडे नुकसान झाले, पैसे बाजारात अडकले आहेत, येतील. माल अजून वाटेत आहे, असेच त्याचे रूप होते. साठ गोणींची उधारी आम्ही एका अडत्याकडे दोन वर्षे हिशेब लिहून फेडली. घरी सांगितले होते की, धंदा शिकण्यासाठी तेथे बसतो.

हे सर्व त्या दिवशी प्रथमच कोणास सांगत होतो. बोलता बोलता दाराशी चाहूल लागली. चहा निवतो आहे हे सांगण्यास दादाच जिना चढून आले होते, आणि केव्हापासून उभे होते कोण जाणे. आमची जीभ टाळ्यास चिकटली. दादा आत येऊन पलंगावर बसले, श्वास घेतला आणि म्हणाले, "शंभर गोण्यांचं मला त्याच आठवड्यात कळलं होतं. त्या ट्रकचा क्लीनर माझा विद्यार्थी. तू सांगशील म्हणून वाट पाहिली, मग सोडून दिलं." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "पण साठ गोण्या उधारीच्या होत्या, हे आज ऐकतो आहे. दोन वर्षं तू फुकट राबत होतास होय? मी शाळेत सगळ्यांना सांगायचो, धाकट्याला धंद्याची गोडी लागलीय."

मग ते हसले. आम्हांस काही हसता आले नाही.

नातवाने त्याच संध्याकाळी नाशिकच्या मित्रास दूरध्वनी केला. आम्ही खोलीबाहेर गेलो, म्हणून काय बोलणे झाले ते ठाऊक नाही. आवाज चढलेला एकदा ऐकू आला. तो पलीकडचा होता. आठ दिवस मित्राने उत्तर दिले नाही. नंतर त्याने कळविले की, फेड सावकाश चालेल, पण या चाळीस कोटींचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याकडून उसने घेऊन करार करावयाचा नाही. आम्हांस ही अट फार शहाणपणाची वाटली. त्या मित्रास एकदा घरी जेवावयास बोलवावे, असे वहिनींचे म्हणणे आहे. नातवाचे यान कशाने गेले हे त्यांस अजून कोणी सांगितलेले नाही.

तेव्हापासून मुलगा लहान यानाने लहान माल वाहतो. दोन कोटींहून अधिक मोलाचे एका वेळी भरत नाही. जवळची वाट आणि निर्धास्त वाट यांपैकी दुसरी निवडण्याची खूण खेळात आहे; ती त्याने करून ठेविली आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून डोंगराच्या पोटातील सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून वाहने जातात, आणि पथकर भरून घाट टाळणारे ट्रक आमच्या दारावरून जावयाचे थांबले आहेत. पथकर वाचविणारे अजून घाटानेच येतात. दोघांचाही हिशेब आपापल्या परीने बरोबर असतो, असे आम्ही मुलास सांगितले. मात्र आपण कोणता हिशेब करीत आहो हे निघण्यापूर्वी वहीत लिहून ठेवावे.

वहीच्या मागील पानावर त्याने चाळीस रेघा आखल्या आहेत. एक कोटी फिटले की एक रेघ खोडली जाते. साडेचारला तो खाली आला की दादा बशीत चहा ओततात आणि विचारतात, "आज किती?" काल तो म्हणाला, "एक. आणि येताना रिकामा नाही आलो." आजमितीस सतरा रेघा शिल्लक आहेत.